खुर्च्या वाटल्या, पुढे काय? संक्रमणकाळातली आघाडी सरकारं का अडखळतात

२००९च्या फेब्रुवारीत झिंबाब्वेमध्ये नवं सरकार आलं तेव्हा तिथल्या गृहखात्याला एक नव्हे, दोन मंत्री मिळाले. केंबो मोहादी हे अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांच्या झानू-पीएफ पक्षाचे आणि जाइल्स मुत्सेक्वा हे विरोधी नेते मॉर्गन त्स्वांगिराई यांच्या एमडीसी पक्षाचे. एक कॅबिनेट मंत्री आणि दुसरा राज्यमंत्री अशी उतरंड नव्हती, दोघंही बरोबरीचे. कारण उघड होतं. गृहखात्याच्या हाताखाली पोलीस येतात. २००८च्या निवडणुकीत विरोधकांना कशी वागणूक मिळाली हे ताजं होतं, त्यामुळे हे खातं सोडायला कुणीच तयार नव्हतं. सप्टेंबर २००८ मध्ये सह्या झालेला सत्तावाटपाचा करार मुख्यतः या खात्यापायी महिनोन्‌महिने लटकला. शेवटी आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या संघटनेनं तोडगा काढला: दोघं मिळून सांभाळा.

मंत्री दोन झाले, पण पोलीस आयुक्त तेच राहिले. ऑगस्टीन चिहुरी १९९३ पासून त्या खुर्चीवर होते आणि आपण कुणाचे, हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं. मुत्सेक्वांना दालन मिळालं, लाल दिवा मिळाला. पोलीस मिळाले नाहीत.

संक्रमणकाळातल्या आघाडी सरकारांबद्दल जे काही समजून घ्यायचं आहे, त्यातलं बरंचसं या एका खात्यात सापडतं. आपण बातम्यांत वाचतो ते खातेवाटप: कुणाला किती मंत्रिपदं, उपाध्यक्ष कोण, मलईदार खाती कुणाच्या पदरात. पण करारात वाटली जातात ती पदं. सत्ता त्याबरोबर वाटली जातेच असं नाही, आणि अशी सरकारं मोडतात ती बहुतेकदा या फटीतूनच.

साध्या आघाडीहून हे वेगळं कसं?

नेहमीची आघाडी म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. निवडणूक होते, कुणालाच बहुमत मिळत नाही, दोन-चार पक्ष एकत्र येतात. रुसवेफुगवे होतात, पाठिंबा काढला जातो, सरकार पडतं, पुन्हा निवडणूक. या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मात्र हलत नाही: नियम. संविधान तेच, न्यायालय तेच, फौज एकच आणि ती बराकीत.

संक्रमणकाळात नेमकं हेच नसतं. युद्ध नुकतंच थांबलेलं असतं, किंवा हुकूमशहा पायउतार झालेला असतो, किंवा निवडणुकीच्या निकालावरून देश दुभंगलेला असतो. आधी लढणारे गट एका मंत्रिमंडळात येतात ते मतदारांनी कौल दिला म्हणून नव्हे, तर लढून कुणालाच जिंकता येईना म्हणून. या सरकारला मुदत असते आणि कामांची यादी असते: नवं संविधान लिहा, दोन फौजांची एक फौज करा, मतदारयाद्या बनवा, निवडणूक घ्या आणि घरी जा. म्हणजे खेळ चालू असतानाच खेळाचे नियम ठरवायचे, आणि ठरवणारे पंच म्हणजे खेळाडू स्वतःच.

शिवाय भागीदार भांडून बाहेर पडला तर तो विरोधी बाकांवर जाऊन बसत नाही. तो जंगलात जाऊ शकतो, कारण त्याचे लढवय्ये अजून तिथेच असतात. हे त्याला माहीत असतं आणि समोरच्यालाही. बैठकीच्या टेबलावर हा विषय कुणी काढत नाही, पण प्रत्येक निर्णयाचं गणित त्यावर बेतलेलं असतं.

दक्षिण सुदान: कागदावर सगळं वाटलेलं

वाटणी किती बारकाईनं करता येते हे पाहायचं तर दक्षिण सुदान पाहावा. २०११च्या जुलैत स्वतंत्र झालेला हा देश डिसेंबर २०१३ मध्ये यादवीत सापडला. एका बाजूला अध्यक्ष साल्वा कीर, दुसऱ्या बाजूला त्यांनीच काढून टाकलेले उपाध्यक्ष रिएक माचार. २०१५ मध्ये पहिला करार झाला. एप्रिल २०१६ मध्ये माचार राजधानी जुबात परतले, पुन्हा उपाध्यक्ष झाले. जुलैत दोघं अध्यक्षीय निवासात असतानाच बाहेर त्यांच्या अंगरक्षकांमध्ये गोळीबार सुरू झाला, काही दिवसांत शहर पेटलं आणि माचार पायी काँगोच्या सीमेकडे निसटले. कीर यांनी माचार यांच्याच गटातले तबान देंग गाय यांना त्यांच्या जागी बसवलं आणि करार अजून जिवंत आहे असं जाहीर केलं! कागदाच्या दृष्टीनं ते चूकही नव्हतं, पद त्या गटाचं होतं आणि त्या गटाचाच माणूस तिथे होता. फक्त फौज ज्याच्यामागे होती तो माणूस नव्हता.

म्हणून सप्टेंबर २०१८च्या दुसऱ्या करारात काहीच मोघम ठेवायचं नाही असं ठरलं. एक अध्यक्ष, पाच उपाध्यक्ष. ३५ मंत्री, त्यातले २० कीर यांच्या बाजूचे, ९ माचार यांचे, उरलेले ६ इतर गटांचे. ५५० जणांची संसद आणि तिचीही गटवार वाटणी: ३३२, १२८, ५०, ३०, १०. राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या पातळीवरची टक्केवारीही लिहिली: ५५, २७, १० आणि ८. याहून काटेकोर हिशेब एखाद्या भागीदारी पेढीतही सापडायचा नाही.

तरीही सरकार बनायला फेब्रुवारी २०२० उजाडलं. अडलं होतं ते राज्यांच्या संख्येवर. स्वातंत्र्याच्या वेळी १० राज्यं होती. युद्धाच्या धामधुमीत कीर यांनी एका आदेशानं २०१५ मध्ये ती २८ केली आणि २०१७ मध्ये ३२. बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रशासकीय बदल वाटेल. पण राज्याची सीमा सरकली की कुठला समाज कुठे बहुसंख्य ठरतो ते बदलतं, गुरांची कुरणं आणि तेलाच्या विहिरी कुणाच्या हद्दीत येतात ते बदलतं आणि पुढच्या निवडणुकीचे मतदारसंघही बदलतात. मंत्रिपदांची टक्केवारी ठरवताना टक्के कशाचे, हा मुद्दाच उघडा राहिला होता. अखेर कीर १० राज्यं आणि तीन प्रशासकीय क्षेत्रं यावर आले तेव्हा सरकारचा शपथविधी झाला.

पुढचा पेच राज्यपालांचा. दहापैकी सहा कीर यांना, तीन माचार यांना, एक तिसऱ्या गटाला असं ठरलं. माचार यांच्या वाट्याला तेलसंपन्न अपर नाइल राज्य आलं आणि त्यांनी जॉन्सन ओलोनी या सेनानीचं नाव दिलं. कीर यांनी नेमणूक करायला नकार दिला. करारात लिहिलं होतं की नाव गट सुचवणार आणि नेमणूक अध्यक्ष करणार. अध्यक्षांनी सहीच केली नाही तर काय, हे लिहिलेलं नव्हतं. राज्य कितीतरी महिने राज्यपालाविना राहिलं. जानेवारी २०२१ मध्ये माचार यांनी दुसरं नाव दिलं तेव्हा प्रश्न सुटला. आणि गंमत अशी की पुढे हाच ओलोनी माचार यांची साथ सोडून गेला आणि त्याच्या गटानं जानेवारी २०२२ मध्ये कीर यांच्या सरकारशी वेगळा समझोता केला.

मार्च २०२३ मध्ये कीर यांनी संरक्षणमंत्री अँजेलिना तेनी यांना बडतर्फ केलं. त्या माचार यांच्या गटाच्या आणि त्यांच्या पत्नीही. गृहमंत्र्यांनाही काढलं आणि मग दोन खात्यांची अदलाबदल केली: संरक्षण स्वतःच्या पक्षाकडे, गृह माचार यांच्याकडे. काही महिन्यांनी त्याच तेनी गृहमंत्री झाल्या. बेरीज पाहिली तर माचार यांचं एकही मंत्रिपद गेलं नाही, नऊचे नऊ शाबूत. पण संरक्षण खातं गेलं.

खरं तर तोवर संरक्षण खात्यात तरी काय उरलं होतं हा प्रश्न आहे. करारानं दोन्ही बाजूंचे मिळून ८३,००० जवानांचं एकत्रित दल उभारायचं होतं. प्रशिक्षण छावण्यांत अन्न नाही, औषध नाही, पगार नाही. संयुक्त राष्ट्रांनी जुलै २०१८ पासून शस्त्रबंदी घातलेली, त्यामुळे बरेच जण लाकडी बंदुका घेऊन कवायत करत होते. पहिली तुकडी बाहेर पडायला ऑगस्ट २०२२ अखेर उजाडलं. आणि ज्या प्रशिक्षित फौजा अध्यक्षांना थेट उत्तरदायी होत्या त्या या एकत्रीकरणात फारशा आल्याच नाहीत. का याव्यात? एकत्रित दल खरोखर उभं राहिलं तर सर्वांत जास्त गमावणार तो, ज्याच्याकडे आज सर्वांत जास्त बंदुका आहेत. आणि वेळ, पैसा, छावण्या देण्याचा अधिकारही त्याच्याच हातात.

मार्च २०२५ मध्ये नासिर इथला लष्करी तळ हल्लेखोरांच्या हाती पडला, त्याचा ठपका माचार यांच्यावर आला आणि त्यांना नजरकैदेत टाकण्यात आलं. सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर देशद्रोहाचा आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा खटला सुरू झाला. त्यांच्या गटातले काही मंत्री तेव्हाही सरकारात होते.

तिजोरीची किल्ली

बंदूक दिसते, आवाज करते, म्हणून तिच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. तिजोरी मात्र गुपचूप काम करते. याचं सर्वांत बोलकं उदाहरण मला १९४६च्या भारताच्या अंतरिम सरकारात दिसतं.

२ सप्टेंबर १९४६ला नेहरूंच्या नेतृत्वाखाली हे सरकार आलं, ऑक्टोबरअखेर मुस्लिम लीग त्यात सामील झाली. लीगला एखादं वजनदार खातं द्यायचं होतं आणि तिची नजर गृहखात्यावर होती. सरदार पटेल ते सोडायला तयार नव्हते. मग अर्थखातं दिलं गेलं. हिशेबाचं किचकट काम आहे, लीगला झेपायचं नाही, असा काँग्रेसमधल्या काहींचा होरा होता. लियाकत अली खान यांनी ते खातं घेतलं आणि मुरलेल्या अधिकाऱ्यांच्या मदतीनं चालवून दाखवलं. कुठल्याही खात्याचा कुठलाही नवा खर्च अर्थखात्याच्या टेबलावरून जातो. साधा चपराशी नेमायचा तरी लीगच्या परवानगीची वाट बघावी लागते, अशी तक्रार काँग्रेसच्या गोटातून येऊ लागली. फेब्रुवारी १९४७च्या अर्थसंकल्पात लियाकत यांनी एक लाखावरच्या व्यापारी नफ्यावर २५ टक्के खास कर सुचवला. धनिकांवर कर ही काँग्रेसच्या व्यासपीठावरचीच भाषा, त्यामुळे उघड विरोध करणं अवघड, आणि काँग्रेसला पैसा पुरवणारे उद्योगपती तर अस्वस्थ. एकाच बाणात किती पक्षी!

पण या सरकारची खरी अडचण अर्थखातं नव्हतीच. लीगचे सदस्य नेहरूंना सरकारचे प्रमुख मानत नव्हते, आपसात वेगळ्या बैठका घेत होते. जिना स्वतः सरकारात आले नव्हते. ९ डिसेंबरला घटना समिती बसली तिच्यावर लीगचा बहिष्कार होता. एका भागीदाराला एकसंध देशाचं संक्रमण घडवायचं होतं आणि दुसऱ्याला त्या देशातून वेगळं व्हायचं होतं. कशाकडे जायचं यावरच एकमत नसेल तर खातेवाटप कितीही न्याय्य करा, प्रत्येक खातं हे त्या मोठ्या भांडणातलं हत्यार होतं. पटेलांनी अर्थ ठेवून गृह दिलं असतं तर निकाल वेगळा लागला असता, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. फार तर तक्रारींचा विषय बदलला असता.

तिजोरीचा आणखी एक प्रकार म्हणजे जी तिजोरी अर्थमंत्र्यांच्या कक्षेतच येत नाही ती. सुदानमध्ये २०१९ नंतर नागरी पंतप्रधान अब्दल्ला हमदोक सरकार चालवत होते, पण लष्कराच्या आणि सुरक्षा दलांच्या मालकीच्या कंपन्यांचं मोठं जाळं अर्थमंत्रालयाच्या हाताबाहेर होतं. निमलष्करी आरएसएफच्या प्रमुखाच्या कुटुंबाकडे सोन्याचा धंदा होता. अर्थमंत्री नागरी बाजूचा असून उपयोग काय, पैसा त्याच्या खात्यात येतच नसेल तर?

लायबेरियात यादवी संपवणाऱ्या २००३च्या करारानं आणखी एक पाऊल टाकलं. मंत्रालयांबरोबर सरकारी महामंडळंही करारातच गटांना वाटून टाकली, कुठलं कुणाचं हे नावानिशी. दोन वर्षांत लूट इतकी माजली की २००५ मध्ये देणगीदार देशांनी अट घातली: महत्त्वाच्या आर्थिक व्यवहारांवर बाहेरून आलेल्या तज्ज्ञांची दुसरी सही लागेल. सार्वभौम देशाला हे झोंबणारं होतं. पण ज्या माणसाला माहीत आहे की आपली खुर्ची दोन वर्षांची आहे आणि पुढे काय होईल देव जाणे, तो त्या दोन वर्षांत काय करील? मला त्यात माणसाच्या स्वभावापेक्षा मुदतीचा दोष जास्त दिसतो.

घड्याळ कुणाच्या हातात

मुदत हा या सरकारांचा कणा आहे आणि भांडणाचं मूळही. सुदानमध्ये लष्कर आणि नागरी गट यांनी ठरवलेला २०१९चा सत्तावाटपाचा आराखडा वाचायला सुरेख होता. ३९ महिन्यांचं संक्रमण. ११ जणांचं सार्वभौम मंडळ: पाच लष्करी, पाच नागरी, एक दोघांच्या संमतीचा. पहिले २१ महिने अध्यक्षपद लष्कराकडे, नंतरचे १८ महिने नागरी बाजूकडे. आता जरा थांबून विचार करा. पहिली पाळी लष्कराची. म्हणजे नागरी बाजूला आपला वाटा मिळणार तो समोरच्यानं २१ महिन्यांनंतर आपणहून खुर्ची सोडली तर. ऑक्टोबर २०२० मध्ये जुबात बंडखोर गटांशी शांतता करार झाला आणि त्यात ३९ महिन्यांची मोजणी नव्यानं सुरू झाली. लष्कराची पाळी आपोआप लांबली. हस्तांतराची वेळ जवळ येऊ लागली तसे खटके वाढले आणि २५ ऑक्टोबर २०२१ला लष्करप्रमुख जनरल बुऱ्हान यांनी हमदोक यांना स्थानबद्ध करून सत्ता ताब्यात घेतली.

त्यानंतर पुन्हा बोलणी झाली आणि तिथेही अडलं ते तारखेवरच. आरएसएफ लष्करात विलीन करायचं, यावर तत्त्वतः दोघांची मान्यता. लष्कर म्हणे दोन वर्षांत, आरएसएफ म्हणे दहा वर्षांत. दहा वर्षं स्वतंत्र फौज बाळगणं म्हणजे विलीनीकरण न करणंच. १५ एप्रिल २०२३ला या दोन भागीदारांमध्ये युद्ध पेटलं. ‘तत्त्वतः मान्य’ हे शब्द करारात दिसले की मी तरी लगेच पुढची तारीख शोधतो.

मुदत वाढवण्याचा मोह मात्र सगळ्यांनाच असतो, एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांनाही. दक्षिण सुदानमध्ये निवडणूक आधी दोन वर्षं पुढे गेली, मग सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी दोन वर्षं, डिसेंबर २०२६ पर्यंत. यावर कीर आणि माचार यांचे गट भांडले का? फारसे नाही. निवडणूक झाली तर ५५० खासदारांपैकी किती जण पुन्हा दिसतील? संक्रमण संपण्यात ज्यांचं नुकसान आहे, तेच संक्रमण केव्हा संपवायचं हे ठरवतात.

लायबेरियाच्या त्याच करारात यावर एक उतारा होता आणि तो पुरेसा चर्चिला जात नाही. हंगामी सरकारचा अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि प्रमुख मंत्री यांना २००५ची निवडणूक लढवता येणार नव्हती. सरकार चालवायला ग्युडे ब्रायंट नावाचे उद्योजक आणले. भ्रष्टाचार व्हायचा तो झालाच, त्याला हे कलम आवर घालू शकलं नाही. पण निवडणूक ठरल्या वेळी झाली, मतदानाची दुसरी फेरी होऊन एलेन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या आणि जानेवारी २००६ मध्ये सरकार खाली उतरलं. खुर्चीला चिकटून राहण्यात फायदा नसेल तर माणूस उठतो.

सगळेच सत्तेत, मग विचारणार कोण?

एक अडचण कमी दिसते. सर्वांना सामावून घ्यायचं म्हटल्यावर विरोधी पक्ष उरत नाही. मंत्रिमंडळं फुगतात. काँगोत २००३ नंतर एक अध्यक्ष आणि चार उपाध्यक्ष होते. संसदेत प्रश्न विचारायचा कुणी, जो तो कुठल्या ना कुठल्या मंत्र्याचा सहकारी. शिवाय ज्यांनी शस्त्र उचललं नाही, ते गट, महिला संघटना, छोटे पक्ष, त्यांना करारात चतकोर मिळतो. ज्यांनी उचललं त्यांना उपाध्यक्षपद. याचा धडा पुढच्या बंडखोराला न सांगता समजतो.

आणि निर्णय एकमतानं घ्यायचे म्हटलं की प्रत्येकाकडे नकाराधिकार येतो. नकाराधिकार नसला तर लहान भागीदार शोभेपुरता. या कात्रीतून सुटण्याचा एक रस्ता दक्षिण आफ्रिकेनं काढला, म्हणून त्याकडे जरा नीट पाहू.

१९९३च्या हंगामी संविधानात तरतूद होती: ४०० पैकी २० जागा मिळवणाऱ्या पक्षाला मंत्रिमंडळात प्रमाणशीर वाटा, ८० जागा मिळवणाऱ्याला उपाध्यक्षपद. एप्रिल १९९४च्या निवडणुकीत नेल्सन मंडेला यांच्या एएनसीला ६२ टक्क्यांच्या वर मतं मिळाली, तोवर राज्य करणाऱ्या गोऱ्यांच्या नॅशनल पार्टीला २० टक्के, झुलू समाजात जोर असलेल्या इंकाथा पक्षाला १० टक्के. मंडेला अध्यक्ष, एएनसीचे थाबो म्बेकी आणि नॅशनल पार्टीचे एफ. डब्ल्यू. डी क्लर्क उपाध्यक्ष. म्हणजे वाटणीचं सूत्र आधी ठरलं, पण वाटा मतांनी ठरवला. फौजांची संख्या मोजून नव्हे. डी क्लर्क यांना नकाराधिकार हवा होता, तो मिळाला नाही. संविधानात एवढंच लिहिलं की मंत्रिमंडळानं सहमतीची भावना लक्षात घेऊन काम करावं. जुन्या गोऱ्या नोकरशाहीच्या नोकऱ्या आणि निवृत्तिवेतनं यांना मात्र ठोस संरक्षण मिळालं, आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणा भाग हाच. ज्यांच्या हातात यंत्रणा होती आणि ती बंद पाडण्याची ताकद होती, त्यांची भीती आधी घालवली. पहिले काही महिने अर्थमंत्री डेरेक कीस हेही आधीच्या राजवटीतलेच राहिले. जुनं सैन्य, एएनसीचं सशस्त्र दल आणि इतर फौजा निवडणुकीच्या सुमारालाच एका नव्या राष्ट्रीय दलाखाली आणल्या गेल्या. विलीनीकरणात कुरबुरी पुष्कळ झाल्या, पण दोन सरसेनापती नव्हते.

८ मे १९९६ला अंतिम संविधान मंजूर झालं. दुसऱ्याच दिवशी डी क्लर्क यांनी सरकारातून बाहेर पडण्याची घोषणा केली. लोकांना वाटलं, गेलं सगळं. पण झालं काय? ते विरोधी बाकांवर जाऊन बसले, इंकाथा सरकारात राहिला, १९९९ मध्ये निवडणूक झाली. भागीदार बाहेर पडला आणि आकाश कोसळलं नाही.

अर्थात दक्षिण आफ्रिकेत एक पक्ष इतका पुढे होता की इतरांशिवायही सरकार चालू शकलं असतं, ही सोय सगळ्यांना मिळत नाही. ज्याच्यात खरोखर तुल्यबळ भागीदार होते असा देश म्हणजे नेपाळ.

तिथे नोव्हेंबर २००६ मध्ये माओवाद्यांशी शांतता करार झाला. एप्रिल २००८च्या निवडणुकीत माओवादी सर्वांत मोठा पक्ष ठरले आणि त्यांचे नेते पुष्पकमल दहाल, म्हणजेच ‘प्रचंड’, पंतप्रधान झाले. पण त्यांचे १९,६०२ पडताळणी झालेले लढवय्ये छावण्यांत बसून होते, आणि ज्या सेनेशी ते दहा वर्षं लढले ती सेना आता नावाला त्यांच्याच हाताखाली होती. नवी भरती, सेनाधिकाऱ्यांची मुदतवाढ यावरून सेनाप्रमुख रुक्माङ्गद कटवाल यांच्याशी खटके उडाले. मे २००९ मध्ये प्रचंड यांनी त्यांना बडतर्फ केलं. राष्ट्रपतींनी कटवाल यांना पत्र पाठवून पदावर राहायला सांगितलं, मित्रपक्ष सरकारातून बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी प्रचंड यांनी राजीनामा दिला. पुढच्या एका पंतप्रधानाची निवड व्हायला संसदेत मतदानाच्या १७ फेऱ्या लागल्या, सात महिने. संविधान सभेची दोन वर्षांची मुदत चार वेळा वाढली. सर्वोच्च न्यायालयानं आता पुरे म्हटलं आणि मे २०१२ मध्ये ती संविधानाविनाच विसर्जित झाली. कुणालाच कुणाखाली निवडणूक नको होती, म्हणून २०१३ मध्ये सरन्यायाधीश खिलराज रेग्मी यांनाच सरकारचं प्रमुख केलं. न्यायपालिकेचा प्रमुख कार्यकारी प्रमुखही, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात बसत नाही. पण काम भागलं.

या सगळ्या गदारोळात एक काम मात्र पुढे सरकत होतं. २०११च्या नोव्हेंबरात पक्षांनी ठरवलं की जास्तीत जास्त ६,५०० लढवय्ये सेनेत जातील, बाकीच्यांना ५ ते ८ लाख नेपाळी रुपये देऊन निरोप. प्रत्यक्षात बहुतेकांनी धनादेश घेतला, सेनेत गेले ते जेमतेम १,४००. एप्रिल २०१२ मध्ये छावण्या सेनेच्या ताब्यात आल्या.

नोव्हेंबर २०१३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. २००८ मध्ये २२० जागा जिंकणारे माओवादी ८० वर आले. प्रचंड स्वतः काठमांडूतल्या मतदारसंघात हरले. त्यांनी कारस्थानाचा आरोप केला, मतमोजणी थांबवा म्हणाले. सभागृहावर बहिष्काराची भाषा झाली. मग काही आठवड्यांत त्यांचा पक्ष आपल्या ८० जागा घेऊन सभागृहात जाऊन बसला. जंगलात परतायला छावण्याच उरल्या नव्हत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये संविधान लागू झालं, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये प्रचंड पुन्हा पंतप्रधान झाले, ज्या नेपाळी काँग्रेसनं त्यांना हरवलं होतं तिच्याच पाठिंब्यावर.